दर ब्रेकनंतर नवीन

मला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले की चेहऱ्यावर लगेच उमटतं, आणि नवरा म्हणतो की तुझ्यासारख्या बाईने सरळ खरंच बोलावं, निदान वेळ तरी वाचतो. पण एक खोटं मी चाकणकडच्या गेटांवर तीनदा बोलले आणि तिन्ही वेळा ते खपलं, कारण ते मला आक्काने शिकवलं होतं.

आक्का माझी सख्खी कुणी नाही. मोशीत आम्ही राहतो त्या खोल्यांच्या रांगेत ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते. ती लातूरकडची, मी नगरकडची. तिचा नवरा लवकर गेला. म्हातारी आई तिच्याजवळ असते आणि घरात कमावणारी ती एकटी. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज मोठा आणि हात त्याहून मोठा. चहात साखर घालताना कधी मोजत नाही. माझ्या नवऱ्याचा वेल्डिंगचा ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा मीही कामाला जायचं ठरवलं, आणि आक्का मला सोबत घेऊन निघाली. शेअर रिक्षात मला एका कडेला दाबून बसवून तिने सांगितलं, "गेटवर इचारतील, आधी कुठं काम केलंय का. न्हाई म्हणायचं. घरीच होते, पयल्यांदाच बाहेर पडले म्हणायचं."

मी म्हटलं, माझं तर खरंच पहिल्यांदा आहे. ती म्हणाली, "आत्ता हाय. पुढच्या खेपेला नसंल, तवाबी हेच म्हणायचं."

त्याचा अर्थ सात-आठ महिन्यांनी कळला. आमचं काम गाड्यांच्या वायरी एका फळीवर लावून, त्यांचा जुडगा करून टेप गुंडाळायचं. काम ठेकेदाराकडून. सात-आठ महिने झाले की ठेकेदार 'ब्रेक' देतो. काढत नाही, रागवत नाही, फक्त उद्यापासून येऊ नका म्हणतो. सलग काम केलेली बाई उद्या कायम करा म्हणेल, हक्क मागेल, म्हणून ही रीत. महिना-दीड महिना गेला की त्याच कंपनीत, कधी शेजारच्या कंपनीत, दुसऱ्या ठेकेदाराकडे भरती निघते, आणि तिथे त्यांना नवीनच बाई हवी असते. मग आम्ही नवीन होतो.

बायका ब्रेकला फार वाईट मानत नसत. कुणी गावी जाऊन कुरडया-पापड करून येई, कुणी दाढ काढून घेई, कुणी भावाच्या लग्नाची तारीख ब्रेक बघून धरे. मीही हसण्यावारी न्यायचे. हसण्यासारखं होतंच. नवीन म्हटल्यावर कालच डिप्लोमा केलेला एखादा पोरगा समोर उभा राहून टेप कशी धरायची ते शिकवणार, आणि आम्ही माना डोलावणार. पहिले दोन दिवस हात मुद्दाम चुकवायचा. टेप तिरकी गेली पाहिजे, वायर उलटी लागली पाहिजे, नाहीतर बाई जुनी आहे हे ओळखू येतं. या कामात आक्काचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ती टेपच्या रोलचं टोक शोधत अशी काही बसायची की सुपरवायझरलाच तिची दया येई. जेवणाच्या सुट्टीत आम्ही हसून हसून डोळे पुसायचो. तिसऱ्या दिवशी तिचा हात मशीनला मागे टाकी, आणि तो पोरगा सगळ्यांना सांगे की बघा, मावशी किती लवकर शिकल्या.

असं करत अडीच वर्षं गेली. ठेकेदार बदलले, गळ्यातली ओळखपत्रं बदलली, पण पगारातून कामगार विम्याची कपात दर महिन्याला होत राहिली. ती कुठे जाते हे मी कधी विचारलं नाही. आजारी पडलं तर दवाखाना मिळतो एवढं माहीत होतं.

मग आमची लाइन बंद झाली. काम दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला गेलं. या वेळी ब्रेक नव्हता. ठेकेदाराने कागदावर लिहून दिलं की काम संपल्यामुळे कमी केलं. आक्का त्याच्या थोडं आधीच ब्रेकवर जाऊन दुसऱ्या कंपनीत लागली होती. चाळिशी उलटलेल्या बाईला नवीन म्हणून घ्यायला कुणी तयार होत नव्हतं, महिनाभर गेटं पालथी घातल्यावर तिला ती जागा मिळाली होती. मला मात्र कुठेच मिळेना. मुलगी बारावीला. नवऱ्याच्या एकट्या पगारात खोलीचं भाडं आणि तिचा क्लास बसत नव्हता. वर्षाच्या मध्यात तिला उचलून गावी न्यायचं म्हणजे तिचं वर्ष गेलं असतं. तेव्हा लाइनवरच्या एकीने सांगितलं की विम्यातून बेकारीचा भत्ता मिळतो, अर्ज कर.

मी अर्ज केला. म्हणजे सायबर कॅफेवाल्याने केला, मी शेजारी बसून त्याच्यावर चिडले. कधी सर्व्हर बंद, कधी ओटीपी येईना, कधी फोटो मोठा. शेवटी गेला एकदाचा, आणि परत आला. सलग नोकरी कमी पडते, असं कारण. मी दोन बस बदलून विम्याच्या ऑफिसात गेले तीच भांडायच्या तयारीने. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला तोंडपाठ होतं. पदर खोचूनच आत शिरले.

आत एक मॅडम होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी माझं भांडण शांतपणे ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझंच नाव, माझीच जन्मतारीख, आणि वेगवेगळे तीन विमा नंबर.

"या तीन बाया कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, मग दर वेळी जुना नंबर का नाही दिलात? नवीन आहे असं सांगितलंत म्हणून त्यांनी नवीन नंबर काढला. कागदावर तुम्ही कुठेही आठ महिन्यांच्या वर टिकलेल्या नाही.

भांडायला गेलेली मी खोचलेला पदर सोडून समोरच्या खुर्चीत बसले. इतके दिवस ठेकेदाराला फसवलं म्हणून आम्ही डब्यावर बसून हसत होतो. त्याचं काही गेलं नव्हतं. त्याला हवं तेच आम्ही आमच्या तोंडाने बोलत होतो, आणि वर दोन दिवस नाटक करून त्यावर शिक्का मारून देत होतो. बसमध्ये मला रडू आलं ते भत्त्याचं नव्हे. मी दोन वर्षांवर काम केलं आणि ते कुठेच नाही, याचं होतं.

नंबर एकत्र करायला जुन्या ठेकेदारांची पत्रं लागणार होती. पहिल्याचं ऑफिस होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुसऱ्याच्या माणसाने आज या, उद्या या करत चपला झिजवल्या आणि शेवटी म्हणाला, वहिनी, तुम्हीच सांगितलं होतं ना पहिलीच नोकरी आहे म्हणून, आता मी वेगळं कसं लिहू? त्याचं काही चुकलं असं म्हणता येईना, याचाच संताप जास्त आला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माझ्या मंगळसूत्रातल्या वाट्या मोडल्या, आणि गळ्यात नुसते काळे मणी घालून मी ऑफिसात खेपा घालत राहिले.

शेवटी मॅडमनीच वाट दाखवली. या तिन्ही ठिकाणी तुमच्याबरोबर काम केलेलं कुणी आहे का, त्यांनी येऊन लिहून द्यावं की ही तीच बाई. पण एक लक्षात ठेवा, त्या म्हणाल्या, साक्षीदार आता जिथे कामाला आहे तिथे खात्रीसाठी पत्र जाईल.

तिन्ही ठिकाणी माझ्याबरोबर एकच बाई होती. आणि तिच्या कंपनीत पत्र गेलं की तिथल्या ठेकेदाराला कळणार होतं की ही नवीन नाही, चांगली मुरलेली आहे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आक्काला यातलं काही बोलायचं नाही. त्याने हो म्हटलं, आणि रविवारी तिच्या दारात उभा राहून सगळं सांगून आला. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, मी मागितलं काहीच नाही, नुसतं सांगितलं. नुसतं सांगितलं! आक्काला नुसतं सांगणं म्हणजे काय हे त्याला काय माहीत नव्हतं?

गुरुवारी सकाळी ती खाडा करून, इस्त्रीची साडी नेसून माझ्या दारात आली. बस स्टॉपवर मी तिला म्हटलं, "राहू दे, आक्का. तुझी जागा जाईल."

"गेली तर गेली," ती म्हणाली. "पोरीचं वरीस जायला नगं."

मी तिचा हात धरून तिला परत फिरवलं नाही. बस आली आणि आम्ही चढलो. हे मी आजही मनात शंभर वेळा वेगळं करून बघते. त्यात मी बस जाऊ देते. खरं तर मला भत्ता हवा होता, आणि ती चढली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मॅडमनी तिलाही बजावलं की पत्र जाईल. ती म्हणाली, पाठवा की. मग त्यांनी विचारलं, दोघींनी मिळून किती वर्षं काम केलंत? आक्काने एकेका गेटाचं, एकेका लाइनचं सांगायला सुरुवात केली. कोणत्या ठिकाणी पंखा नव्हता, कोणत्या सुपरवायझरला काही येत नव्हतं, सगळं. मॅडमना एवढं नको होतं, पण त्यांनी थांबवलं नाही. आक्का इतक्या खुशीत बोलताना मी कधी पाहिली नव्हती. परतताना तिने मला स्टॉपजवळ वडापाव खाऊ घातला आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

पुढच्याच महिन्यात तिला ब्रेक मिळाला, वेळेच्या आधी. पुढे बरोबरच्या बायकांनाही ब्रेक मिळाला आणि नव्या भरतीला बोलावणं आलं, तिला आलं नाही. फोन केला की कळवतो म्हणायचे. कारण कुणी सांगितलं नाही, आणि तिने मला विचारलंही नाही. ती पिंपळे सौदागरला एका सोसायटीत दोन घरी स्वयंपाकाला जायला लागली. एक घर सुटलं, मग दुसरंही. म्हातारीला एकटं सोडून लांब जाता येईना.

आणि माझा भत्ता? मुलीची परीक्षा होऊन गेल्यावर जमा झाला. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी चिंबळीच्या एका गोडाउनमध्ये खोकी पॅक करत होते. तिथे लागून मला महिना झाला होता. वर्ष वाचलं ते वाट्यांवर, भत्त्यावर नाही. मी त्यातले काही पैसे आक्काकडे घेऊन गेले. तिने पोरीला पेढे आण म्हटलं आणि विषय बदलला.

मग एका शेवटच्या सहीसाठी मला त्या ऑफिसात बोलावणं आलं. मॅडमनी आपणहून विचारलं, तुमच्याबरोबर आलेल्या त्या बाई कशा आहेत? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मग त्यांचाही अर्ज करू या, त्यांचेही असेच तीन-चार नंबर असणार. काही अवघड नाही. साक्षीला तुम्ही आहातच.

मी हो म्हणून बाहेर आले. गोडाउनच्या गेटवरही मला विचारलं होतं, आधी कुठे काम केलंय का. एवढं सगळं भोगून झाल्यावर विचारलं होतं, आणि तरीही मी म्हटलं होतं, नाही, पहिल्यांदाच.

संध्याकाळी मी आक्काकडे गेले. ती आईला भात भरवत होती. मॅडम जे म्हणाल्या ते मी तिला शब्दन् शब्द सांगितलं, पत्र माझ्या गोडाउनला जाईल हेही सांगितलं. तिने आईच्या तोंडाला लागलेलं शीत पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे. तुझं चाललंय ते चालू दे."

बस स्टॉपवर मी राहू दे म्हटलं होतं, तेव्हा तिने माझं ऐकलं नव्हतं. मी तिचं लगेच ऐकलं.