आबांची हाळी

गेल्या वर्षीचा शिष्यवृत्ती वाटपाचा कार्यक्रम. सभागृह गच्च भरलेलं. स्टेजवर माईकसमोर माझा बाप. संस्थेच्या अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "आबा, मेंढरं कशी हाकता? जरा आवाज काढून दाखवा की."

आबांनी माझ्याकडं बघितलं. टोपी सारखी केली. आणि हाळी दिली. माळावर लांबवर जाते तशी, पोटातून. सगळं सभागृह खदखदून हसलं. कुणी कुणी मोबाईल वर धरले. मी शेजारीच उभी, लष्करी अधिकारी भरतीच्या शिष्यवृत्तीचं प्रमाणपत्र छातीशी धरून. सगळे हसले म्हणून मीही हसले. त्याची लाज अजून वाटते.

आम्ही माळशिरसकडचे. मेंढरांमागं फिरणारे. मी सोलापुरात कॉलेजला आले, एनसीसीत गेले, परेडला पुढं उभी राहिले. मग या संस्थेची ही शिष्यवृत्ती. अधिकारी भरतीची शिकवणी, वसतिगृह, जेवण, सगळं तिच्यातून. म्हणजे सगळं अध्यक्षांच्या हातात.

देणगीदार आले की मला बोलावणं. तास बुडो, सराव बुडो. "ही बघा मेंढपाळाची पोरगी. आपण हिला लेफ्टनंट करतोय." मी सावधान उभी. मला कुणी काही विचारायचं नाही. माझ्यासमोर माझ्याबद्दल विचारायचे. "इंग्रजी येतं का हिला?" एका बाईंनी विचारलं, "आंघोळ रोज करते ना आता?"

सोडून जाणार कुठं? वसतिगृह सुटलं की शिक्षण सुटलं. गावाकडं चुलत्यानं स्थळ बघून ठेवलेलं. गिळत राहिले.

यंदा कार्यक्रमाच्या आधी अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर नवंकोरं घोंगडं. "यंदा वर्दी नको. हे खांद्यावर घे. वडिलांना एक कोकरू आणायला सांग. फोटो छान येतील."

तिथूनच आबांना फोन लावला. ते म्हणाले, "आणतो की. तुज्या शिक्षणासाटी हाय ते. माजं काय जातंय?"

  फोन ठेवला.

"सर, आबा येणार नाहीत. मी वर्दीतच येईन."

"मग शिष्यवृत्ती विसर."

"सर, तुमच्या वडिलांना कुणी असं स्टेजवर उभं केलंय का कधी?"

 त्यांनी बेल दाबून शिपायाला बोलावलं. तिसऱ्या दिवशी खोली सोडायचं पत्र आलं.

आता मी मैत्रिणीच्या घरी राहते. विणकरांचं घर. दिवसभर मागाची खडखड, त्यातच अभ्यास. शिकवणी बंद. अधिकारी भरतीची परीक्षा तोंडावर. आबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चुकलीस तू. आता गप घरी ये."

चुकले नाही. परीक्षेचा अर्ज भरलाय. आबांना सांगून टाकलंय: नापास झाले तरी लग्नाला उभी राहणार नाही. पुन्हा परीक्षेलाच बसेन.