हायब्रिड डिस्कची चुगली

मी फार कमी बोलतो. त्यामुळे आमच्या एकोडी गावात माझ्याबद्दल बरं मत आहे. ते कसं चुकीचं आहे, हे आता सांगून टाकतो.

बायकोनं, सुनंदानं, घरीच पोस्टर डिझाइनचं काम सुरू केलं. कॉम्प्युटर जुना, सुरू होईपर्यंत भाताला उकळी यायची. तिच्या भावानं, रमेशनं, दोन उपाय सांगितले. जुनी डिस्क काढून एसएसडी घेतली तर सगळंच झटपट, पण तेवढ्याच पैशात जागा कमी. जुनी आणि एसएसडी यांचं मिश्रण असलेली हायब्रिड डिस्क घेतली तर जागा भरपूर, वेग कामापुरता. सुनंदाला एसएसडी हवी होती. मी म्हटलं, हायब्रिडच घेऊ, दोन्ही गुण एकात. (आमच्या लग्नात जिलेबी की बुंदी ठरेना, तेव्हा मी दोन्ही ठेवायला लावल्या. दोन्ही कमी पडल्या!)

हायब्रिड बसली. सुनंदाचं काम होतं तसंच रखडत राहिलं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, तोंडावर नाटक मंडळाचे अध्यक्ष पोस्टर पाहायला येऊन बसले. तिचं पहिलंच मोठं काम, आणि पोस्टर उघडेना. दोन चहा झाले. पडद्यावर नायिकेचं नुसतं कपाळ उतरलं होतं. मग साकोलीच्या दुकानातूनच करून घेतो, असं म्हणत अध्यक्ष चप्पल शोधू लागले.

सुनंदानं रमेशला हाक मारली. डिस्क खराब झाली की काय, हे पाहायला त्यानं समोर दिसला तो पत्त्यांचा खेळ उघडला. पापणी लवायच्या आत उघडला!

"डिस्क चांगली आहे, ताई," तो म्हणाला. "आपण जे रोज उघडतो, तेच ही डिस्क हाताशी काढून ठेवते. बाकीचं मागं टाकते."

"रोज?" सुनंदा माझ्याकडे वळली. "तुमी तं दुपारी डिझाइन शिकून राहिले होते ना?"

अध्यक्ष पुन्हा खाली बसले. (माणूस मुळात नाटकवेडा.) मी पंख्याकडे पाहत होतो.

"अजी, बोला ना."

"कधी कधी खेळतो," मी म्हटलं. "जीव रमवाले."

"कधी कधी खेळले असते, तं उघडाले वेळ लागला असता."

यानंतर ती बरंच बोलली. ते इथे देत नाही. पण तेवढ्या वेळात मागं पोस्टर पूर्ण उघडलं, आणि अध्यक्षांनी बसल्या जागी पसंत केलं. म्हणजे ते काम माझ्यामुळेच टिकलं. हे मी बोलून दाखवलं नाही.

त्या कमाईतून तिनं एसएसडी बसवून घेतली. आता सगळंच झटकन उघडतं म्हणे. पत्त्यांचा खेळही उघडत असेल. पासवर्ड तिनं बदलला आहे, आणि विचारायला मी मुळात कमी बोलतो.