दोन मुठींवरचा तारा

माझा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर नोकरीला होता. नव्वदच्या दशकात सुट्टीवर आला की तो मला गच्चीवर नेऊन ध्रुवतारा दाखवायचा. नाशिकहून तो क्षितिजापासून वीस अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या साधारण दोन मुठी. जुने खलाशी या मोजणीसाठी लाकडाची लहानशी फळी वापरत. फळीला दोरी, दोरीला बंदराबंदराच्या गाठी. गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर ठेवायची. वरच्या कडेला तारा टेकला, की आपण त्या बंदराच्या रेषेत आलो. भावाने मला तशी फळी करून दिली होती. मी घाई केली की तो म्हणे, "दोरी ताण. ढिली सोडलीस तर आकाश तुला हवं तेच दाखवेल."

आई गेली आणि पुढे त्याची पत्रं थांबली. भांडण झालं नव्हतं. कंपनीने कळवलं, नोकरी सोडली, नवा पत्ता नाही. त्यातच आम्ही जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो, फोन नंबरही बदलला. त्याने शोधलं असतं तरी मी सापडलो नसतो.

घरी इंटरनेट आल्यावर मी एक वेबपेज केलं. नाशिकहून ध्रुवतारा कसा मोजावा, फळीची आकृती, खाली माझा ईमेल. तो कुठेही असला तरी हे कधीतरी शोधेल, असा माझा हिशेब होता. रोज ऑफिसला निघण्याआधी मी तेच शब्द टाकून बघे. माझं पान पहिलं येई. बायको म्हणायची, तुमची पूजा चुकते, पण हे चुकत नाही. त्याचा मेल येत नव्हता. वर्षभराने मी निष्कर्ष काढला: तो शोधतच नाही.

मग एकदा घरची लाईन बंद पडली म्हणून नाशिकच्याच द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत गेलो. तिथे तेच शब्द टाकले, तर माझं पान निघालं निकालांच्या सहाव्या पानावर. मला वाटलं, मशीनच बिघडलंय. कॅफेवाला हसला.

"काका, घरी तुम्ही रोज स्वतःलाच क्लिक करत असणार. तो कॉम्प्युटर ओळखीचा झालाय, म्हणून मान देतो. बाहेर कोण विचारतंय?"

मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. भावाने पाठ फिरवली नव्हती, मीच त्याच्या क्षितिजाखाली होतो.

मग मी पानावरचे जड शब्द काढले, लोक शोधताना जे लिहितात ते घातले. घोटीच्या एका शिक्षिकेने शाळेच्या पानावर माझी लिंक दिली, आणखी एकदोघांनी दिली. तपासणी मात्र फक्त रविवारी, परक्या मशीनवर. काही महिन्यांनी मी पहिल्या पानावर आलो, तिसऱ्या जागी. मेल येऊ लागले. शिक्षिकेच्या वर्गातल्या मुलांनी फळ्या केल्या होत्या. सायखेड्याच्या कुणीतरी विचारलं, पावसाळ्यात तारा दिसतो का. मी सगळ्यांना उत्तरं लिहिली. भावाचा मेल त्यांत नव्हता.

सहाव्या पानावर होतो तोवर दोष पानाचा होता. आता तसं म्हणता येत नव्हतं.

बायकोने विचारलं, आता तरी द्वारकेच्या चकरा थांबणार का. मी म्हटलं, या रविवारी एकदा बघून येतो.  तिने पिशवी हातात दिली आणि येताना कोथिंबीर आणायला सांगितली.