बैठकीत बसलेली आत्या

मानवतचं आमचं घर गाणं-चित्रकला शिकवणाऱ्या कला केंद्राला द्यायचं, हे मीच ठरवलं होतं. धाकटा भाऊ तिथं दुकानाचे गाळे काढू म्हणत होता. मी त्याच्याशी पुष्कळ भांडले. शेवटी तो म्हणाला, "कर बाई तुझ्या मनासारखं."

मनासारखं झालं, आणि माझं मन थाऱ्यावर राहीना.

दर रविवारी परभणीहून एसटीनं जायचं आणि घरात शिरल्या शिरल्या चुका शोधायच्या, हे सुरू झालं. भिंतीत कुणी खिळा ठोकला की मी धावत बघायला जायची. ज्या खोलीत वडील गेले, तिथं तबल्याचा वर्ग भरायला लागला. मी गुरुजींना म्हटलं, "इथं नको, मागं बसा." मागं आईची चूल होती. तिथूनही उठवलं. चित्रं काढताना एका मुलीचा रंग फरशीवर सांडला, तर मी पदर खोचून तिच्यासमोरच फरशी घासायला बसले. पुढच्या खेपेला निम्म्या आल्याच नाहीत.

भाऊ ओसरीत बसून बघत होता.

"आक्का, हे घर गावाला दिलंस का न्हाई दिलंस? एक काय ते ठरव. लोकं भ्यायलेत तुला."

"मी सांभाळायले."

"सांभाळायली न्हाईस, राखणीला बसलीस."

त्या रागातच मी जिंतूरला आत्याकडे गेले. वडिलांची ही बहीण त्याच घरात जन्मलेली. ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ने तिथं."

रविवारी गाडी करून तिला आणलं. ओसरी चढून ती बैठकीच्या उंबऱ्याशी थबकली. आत गावातल्या बाया भजनाचा सराव करत होत्या.

"मी हितं कधी बसले न्हाई," आत्या म्हणाली. "लय गाणारे यायचे. आमी बाया माजघरात, दाराआड. एकदा फटीतून बघितलं, तर तुझ्या आज्यानं दार लावून घेतलं. गाणं अर्ध्यातच राह्यलं."

मला हे ठाऊक नव्हतं. तेच दार जसंच्या तसं राहावं म्हणून मी सुताराशी वाद घातला होता.

बायांनी सरकून जागा केली. आत्या बसली. कुणीतरी तिच्या हातात टाळ दिले. तिनं ते भलत्याच जागी वाजवले, हसली, पुन्हा वाजवले. तेवढ्यात सतरंजीवर चहा सांडला. मी फडकं आणायला उठले, तर आत्यानं मनगट धरलं.

"बस की जरा!"

बसले. पण जीव सगळा त्या डागाकडे.

निघताना आत्या एवढंच म्हणाली, "ते दार काढून टाक." त्याच आठवड्यात भावानं आणि मी ते उतरवून घेतलं. गुरुजी वडिलांच्या खोलीत परत बसायला लागले. मुलींच्या घरी मी स्वतः गेले. बहुतेक जणी आल्या.

आता मी महिन्यातून एखाद्या वेळीच जाते. बाकीच्या रविवारी परभणीत या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालते आणि न राहवून भावाला फोन लावते.

"काय चाललंय तिथं?"

"गाणं चाललंय," तो म्हणतो. "ऐकू दे मला."