फळा लिहिणाऱ्याचा फिजिक्सचा पेपर

बारावीत मला फिजिक्सनं जेवढं छळलं नाही, तेवढं एका मुलाच्या सुंदर अक्षरानं छळलं. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे. ज्याला अशा मुलाला ट्रान्सफॉर्मर शिकवायची वेळ आली नाही, त्याला हसायला काय जातंय?

आमच्या लालबागच्या चाळीच्या नाक्यावर मंडळाचा एक काळा फळा आहे. मंडळाची सभा, पाणी कधी बंद, कुणाचं अभिनंदन, कुणाला श्रद्धांजली, सगळं त्यावर खडूनं लिहिलं जातं. चाळीचा मोबाइलवर ग्रुपही आहे, पण ग्रुपवर आलेलं खरं की खोटं हे बघायला लोक खाली फळ्यापाशी येतात. हा फळा लिहायचा तळमजल्यावर राहणारा एक मुलगा, माझ्याहून वर्षानं मोठा. प्रत्येक अक्षराला सावली, चारी बाजूंनी नक्षी, कोपऱ्यात फूल. येणारे-जाणारे थांबून फोटो काढायचे. त्या फळ्याचा एक जुना नियम होता, मंडळाच्या म्हाताऱ्या मंडळींनी घालून दिलेला: ज्याच्या हातात खडू, त्यानं स्वतःचं नाव लिहायचं नाही. शाळेत असताना ह्याला चित्रकलेचं मोठं बक्षीस मिळालं होतं. ते फळ्यावर कधी आलंच नाही, कारण दुसऱ्या कुणी खडू हातात घेतला नाही आणि ह्यानं नियम मोडला नाही.

तर हा फळेवाला आदल्या वर्षी फिजिक्समध्ये नापास झाला होता. बाकी सगळे विषय सुटले होते, हा एकच अडकला होता. त्याची आई परळच्या एका हॉस्पिटलात आया. तिथे लहानपणापासून जाऊन-येऊन ह्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं. त्यासाठी बारावी सायन्स पास व्हायला हवं होतं. आणि ह्या वेळी गाडी अडली, तर काकीनं, म्हणजे त्याच्या आईनं, कंत्राटदाराशी बोलून ठेवलं होतं: त्याच हॉस्पिटलात, त्याच मजल्यावर, फरशी पुसायच्या कामाला. जिन्यात मला अडवून तिनं हे सगळं सांगितलं. "एक वर्स थांबलंय गो," ती म्हणाली, "आता थांबूक जमाचा नाय. तू हुशार मां? बस जरा त्येच्यावांगडा."

बसले. माझीही बारावीच होती, पण चाळीत असं 'माझी पण परीक्षा आहे' म्हणून चालत नाही. माझ्यासोबत नायगावची माझी वर्गमैत्रीण यायची. ती बोलायची कमी, पण तिचं घड्याळाशी पक्कं नातं होतं. आम्ही तिघं मंडळाच्या खोलीत बसायचो. एका बाजूला स्टेजचे लोखंडी पाइप, दुसऱ्या बाजूला कापडात गुंडाळलेले ढोल, मधे आम्ही. कामं वाटून घेतली होती. गणितं माझ्याकडे, कारण बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉग टेबल मला पटापट बघता यायचं. सूत्रं सिद्ध करून दाखवणं मैत्रिणीकडे. आकृत्या त्याच्याकडे. खोलीत एक जुना, कोपरा तुटलेला फळा पडला होता. त्यावर तो आकृत्या काढायचा आणि खरं सांगायचं तर त्या बघूनच पोटेन्शिओमीटर माझ्या डोक्यात बसला. आजही डोळे मिटले की त्याची तार मला दिसते. म्हणजे देणं-घेणं दोन्हीकडून होतं, एकट्या आम्हीच त्याला शिकवत होतो असं नाही.

पण मग आम्ही पहिला सराव पेपर सोडवायला बसलो. मैत्रिणीनं मोबाइलवर वेळ लावली. तीन तास झाले, पेन खाली ठेवायला सांगितलं, तर ह्याचा पेपर अर्धासुद्धा झालेला नव्हता. मी त्याची वही ओढली आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक प्रश्नाच्या आकड्याला चौकट. प्रत्येक उत्तराखाली दुहेरी रेघ. आणि ट्रान्सफॉर्मर!

"ए, हे काय आहे?"

"ट्रान्सफॉर्मर."

"ते दिसतंय रे. ही वेटोळी काय मोजून काढलीस?"

"मग? डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. तूच बोललीस ना, स्टेप-अप."

"अरे, कमी-जास्त नुसती दाखवायची असतात! आणि सावली कशाला दिलीस?"

"सावली नाही दिली तर चपटा दिसतो तो."

"बोर्ड सावलीचे मार्क देत नाही," मैत्रीण शांतपणे म्हणाली आणि पुढच्या पेपरची वेळ लावायला लागली.

मला राग कशाचा आला सांगू? त्याला येत नव्हतं ह्याचा नाही. त्याला येत होतं! तोंडी विचारलं की धडाधड सांगायचा. मागच्या वर्षी नापास झाला तो हातानं, डोक्यानं नाही. येत नसतं तर मी हात टेकले असते आणि काकीला सरळ सांगून मोकळी झाले असते.

मग आमचे उपाय सुरू झाले. मी त्याची पट्टी काढून घेतली. तो वहीच्या कडेनं रेघ मारायला लागला. मी त्याला सगळ्यात रद्दी, मधेच शाई सुटणारं पेन दिलं. त्यानं त्या पेनाचा स्वभाव ओळखला आणि त्यातूनही मोत्यासारखं अक्षर काढलं. "घाण लिहिलं ना, की मला पुढचं सुचतच नाही," तो म्हणाला. "मधेच अडकतो मी." मी म्हटलं, "मग अडकत अडकत लिही, पण लिही मेल्या." तो हसला. त्याला माझ्या चिडण्याचं काहीच वाटायचं नाही, आणि त्यामुळे माझ्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

त्यात चाळीतले लोक. लग्नसराई चालू होती. कुणी ना कुणी खोलीच्या दारात डोकं घालायचं, "अरे, हळदीचं लिहायचंय, दोन ओळी मार ना." मंडळाच्या सेक्रेटरीकाकांना तर मी एकदा तोंडावरच म्हटलं, "काका, त्याचा पेपर आहे हो. पेपर झाल्यावर सांगा." काका म्हणाले, "अगं, दोन ओळींचं तर काम." ह्याच्या दोन ओळींना अख्खी संध्याकाळ लागते हे काकांना माहीत होतं. त्यांना हव्याच होत्या तशा दोन ओळी. आणि हा? हा खडू घेऊन तयार! नाही म्हणायचं हे ह्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी उपाय काढला मैत्रिणीनं. ती म्हणाली, "फळ्यामुळे हात बिघडलाय ना, मग फळ्यावरच सुधारू." रोजचा फळा त्यानं पाच मिनिटांत लिहायचा. नक्षी नाही, सावली नाही, फूल नाही. ती मोबाइल घेऊन शेजारी उभी राहणार आणि त्यानं कुठे कडेला रेघ मारली, की मी ओल्या फडक्यानं पुसणार.

पहिल्या दिवशी पाणी बंद असल्याची सूचना होती. त्यानं लिहायला घेतली. दोनदा त्याचा खडू आपोआप कडेला गेला, दोनदा मी पुसलं. सूचना झाली आणि तो फळ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याला ती बघवेना. थोड्याच वेळात नाक्यावर चर्चा सुरू. "आज कुणी लिहिलाय रे फळा? नुसते कोंबडीचे पाय!" वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तो आजारी आहे का म्हणून चौकशी केली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. शेवटी काकी कामावरून आली ती सरळ आमच्या दारात.

"काय गो, माझ्या झिलाक काय केलंस? लोक माका इचारतत."

मी तिला सगळं समजावून सांगितलं: त्याला येतं सगळं, पण सुंदर लिहिण्याच्या नादात पेपर पुरा होत नाही, म्हणून आम्ही त्याचं अक्षर मुद्दाम बिघडवतोय. काकी ऐकत राहिली. ज्या अक्षरावरून चाळीत तिला मान होता, त्याचीच गोष्ट चालली होती.

"मगे लिवांदे वायट," ती म्हणाली. "पण पास होतलो मां?"

"होईल काकी," मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, हो बाबा एकदाचा.

हळूहळू हात सुटायला लागला. चौकटी गेल्या. दुहेरी रेघेची एक रेघ झाली. सराव पेपर शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचायला लागला. मग एक दिवस चाळीतले एक जुने गिरणी कामगार गेले. फळ्यावर श्रद्धांजली लिहायची होती. मैत्रिणीनं सवयीनं मोबाइल काढला, तर हा म्हणाला, "हे मी घाईत नाही लिहिणार." आवाज चढवला नव्हता, पण पहिल्यांदाच तो कुणालातरी नाही म्हणाला होता. मैत्रिणीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. त्यानं संध्याकाळभर ते एक नाव लिहिलं. पेपर चार दिवसांवर आला होता, माझा जीव वरखाली होत होता, आणि बोलायची सोय नव्हती.

आमचं सेंटर दादरला, एका शाळेत. दोघांचं तेच, वर्ग वेगळे. पेपर सुटल्यावर मी आधी त्याला शोधला. माझा पेपर कसा गेला हे मी स्वतःलाही अजून विचारलं नव्हतं.

"सगळा सोडवलास?"

"सगळा."

"नक्की?"

"अगं हो. पुरवणी पण लावली."

"आणि सावली?"

तो पुढे चालायला लागला.

"अरे, सावली दिलीस का कुठे?"

"एकच. शेवटच्या आकृतीला. वेळ उरला होता ना." मग शिवाजी पार्काच्या कठड्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "फक्त एक झालं. त्या नादात एका गणिताचं युनिट लिहायचं राहिलं. कदाचित दोन गणितांचं."

मी रस्त्यातच उभी राहिले. माणसानं किती चिडावं ह्याला काही मर्यादा असते, ती मी त्या दिवशी ओलांडली. तिथल्या बाकावर बसलेले एक आजोबा आमच्याकडे बघायला लागले, इतका माझा आवाज चढला होता. नंतर निकाल लागेपर्यंत ती एक सावली माझ्या छातीवर बसून होती. काकी जिन्यात भेटली की मी मोबाइलमध्ये तोंड घालायचे.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं मंडळाच्या खोलीत. साइट उघडेना. माझा लागला, मैत्रिणीचा लागला, त्याचं पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग उघडलं. पास. काठावर, पण पास. मी ओरडले, मैत्रीण ओरडली. तो मात्र नुसता उठला आणि त्यानं खडूचा डबा घेतला.

"कुठे चाललास? काकीला सांगायला जायचंय ना?" वॉर्डात काकीला फोन घेता येत नाही, म्हणून निकाल लागला की परळला जाऊन सांगायचं असं ठरलं होतं.

"फळा लिहून जाऊ. आज निकाल आहे, लोक बघायला येतील."

आणि त्यानं घेतला लिहायला. एवढे आठवडे दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नक्षी, वेल, चारी कोपऱ्यांत फुलं. चाळीतल्या पास झालेल्या सगळ्या मुलांची नावं, माझं ठळक. मी दर थोड्या वेळानं म्हणत होते, "चल रे, ती बाई तिकडे जीव मुठीत धरून बसली असेल." आणि तो म्हणत होता, "झालंच, सावली राहिलीय." मैत्रीण कंटाळून घरी गेली. मी एकटी जाऊन सांगणार होते, पण ही बातमी त्यानंच द्यायला हवी होती. अशी दुपार गेली, आणि समोरून काकीच आली. ड्यूटी संपवून, हातात डब्याची पिशवी घेऊन.

ती आमच्याकडे आली नाही. ती फळ्यासमोर उभी राहिली आणि वाचायला लागली. एकेका नावावर बोट ठेवत खाली आली, मग परत वर गेली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला आजही आठवतो.

"ह्येचा नाव खंय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो खडू हातात धरून उभा. "स्वतःचं कसं लिहू?" तो हळूच म्हणाला.

अरे देवा! मी खडू त्याच्या हातातून हिसकावला. सगळ्या नावांच्या खाली थोडी जागा होती, तिथे मी त्याचं नाव लिहिलं. माझं अक्षर मुळात वाईट, त्यात राग आलेला. ओळ खाली घसरत गेली.

"अगं, ओळ सरळ ठेव ना!" तो मागून कळवळला. "वेलांटी केवढी काढतेस? ए, नक्षीवर जातंय ते!"

"गप्प बस," मी म्हटलं, आणि पुढे 'पास' लिहिलं.

काकीनं ते वाचलं. पिशवी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. तोवर ह्यानं डब्यातून दुसरा खडू काढला होता आणि माझ्या वाकड्या अक्षरांना सावली द्यायला हात उचलला होता. काकीनं त्याचं मनगट धरलं.

"रवांदे तसाच," ती म्हणाली. "वाचूक येता."