मी बसायला गेले होते

"शी रॅन अवे," ताई म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. काचेपलीकडे इमिग्रेशनचा अधिकारी. त्याच्यासमोर माझा पासपोर्ट उघडा पडलेला, त्यात माझाच फोटो. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि पुन्हा विचारलं, पळाली? ताईंनी मान हलवली. तीन दिवस पत्ता नव्हता, आम्ही किती काळजीत होतो, वगैरे सगळं इंग्रजीत सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "धिस काइंड ऑफ पीपल, यू नो."

मला कळलं. शब्द न् शब्द कळला. बारावीपर्यंत इंग्रजी होतं मला, आणि त्या घरात सव्वा वर्ष त्यांच्या मुलाशी इंग्रजीतच बोलत होते. पण ताईंना वाटायचं, हिला भांड्यांपलीकडे काही समजत नाही. मीही तसं वाटू दिलं होतं. तेवढा दोष माझा.

मी काहीच बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मोठी शूर बाई. मी मान खाली घालून चपलेकडे बघत राहिले. सकाळी गाडीत साहेबांनी बजावलं होतं, "तू एक शब्द बोलू नकोस. आम्ही बघतो सगळं. बोललीस तर तुला आत टाकतील." साहेब म्हणजे ताईंचे नवरे. मला आत जायची भीती वाटत होती. परक्या देशातल्या तुरुंगात आपलं ऐकणारं कोण असतं?

देशाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक त्या देशाला शिव्या देतात आणि आपली माणसं सुटून जातात.

आमचं गाव चांदूर बाजारजवळ. घरची थोडी जमीन, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सणाच्या आधी झेंडू. बाप नाही. आई पहाटेच्या एसटीने गठ्ठे घेऊन अमरावतीला जायची आणि एका कॉलनीत दारोदार भाजी विकायची. त्या कॉलनीत सर राहतात. कॉलेजातून रिटायर झालेले. सभेत बोलायला बोलावतात त्यांना, माणुसकीवर फार छान बोलतात. ताई त्यांची मुलगी.

मी तेव्हा नांदगाव पेठेच्या एका युनिटमध्ये शर्टांना कॉलर लावायची. सरांनी आईला विचारलं, आमच्या मुलीकडे परदेशात लहान मुलाला सांभाळायला विश्वासाची बाई हवी आहे, तुझी मुलगी जाईल का? आई घाबरली. मी हो म्हटलं. मला कोणी ढकललं नाही. मला जायचंच होतं. विमान बघायचं होतं, दुसरा देश बघायचा होता. भाजीवालीच्या पोरीला असं वाटू नये असा काही नियम आहे का?

नियम बाकीचे होते. माझा व्हिसा म्हणजे ताईंचं घर. घर सुटलं की देश सुटला. परदेशी माणूस कुठे राहतो हे दर तीन महिन्यांनी कचेरीत कळवायचं. दुसरीकडे झोपायला गेला तर तेही कळवायचं. आणि माझ्यासारख्या कामवाल्या बाईचं कळवणं ठेवून घेणाऱ्यांच्या अंगावर. हे सगळं मला नंतर समजलं. जिला लागू तीच अडाणी ठेवलेली. ताई, साहेब आणि मुलगा, त्या तिघांचे कागद एक एजंट करायचा. मी एकदा विचारलं, ताई, माझं? म्हणाल्या, "तुझं मी करते ना, तू कशाला डोकं चालवतेस." पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, कुलपात. मागितला तर हरवशील म्हणायचे. सव्वीस वर्षांची बाई मी, शेतातला विळा कधी हरवला नाही, पासपोर्ट कसा हरवणार होते?

कचेरीला घराचे फोटो लागायचे, दारात उभ्या असलेल्या माणसांसकट. त्या तिघांचा फोटो मी काढला, कुंड्यांच्या मध्ये. माझा फोटो ताईंनी मागच्या बाजूला काढला, कपडे धुवायच्या मशीनपाशी. म्हणाल्या, तुझा एवढा पुरे. मी हसून उभी राहिले होते त्यात. अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

तिथे मला सुमन भेटली. हिवरखेडची. ती पण एका घरात कामाला. बागेत मुलांना फिरवताना तिने दुसऱ्या बाईला फोनवर "काय करून राहिली वं?" विचारलं आणि मी उडालेच. इतक्या लांब आपली बोली! पुढे तिचे मालक तिला घेऊन दुसऱ्या शहरात गेले. दोन तास बसने. मग फोनवर बोलणं.

एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. नुसती रडत होती. मग म्हणाली, "माय गेली वं माही."

तिचे मालक सुट्टीला फिरायला गेले होते. पासपोर्ट त्यांच्याकडे. तिला गावी जाता येत नव्हतं. अख्ख्या फ्लॅटमध्ये ती एकटी, आणि मोबाईलवर मायची तिरडी बांधताना दिसत होती. मध्येच चित्र थांबायचं.

आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-वरण आणतात. बाया बसायला जातात. काही करायचं नसतं. नुसतं जवळ बसायचं, ती रडली तर रडू द्यायचं, गप्प झाली तर गप्प राहायचं. रात्री तिला एकटीला झोपू द्यायचं नाही. भांडण असलं तरी जातात. वैरी असला तरी जातो. त्याला कोणाची परवानगी लागते, हे माझ्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

तरी मी ताईंना विचारलं. कामाच्या घरी होते, विचारायलाच पाहिजे. त्या ओट्यापाशी कॉफी घेत मोबाईल बघत होत्या. मी म्हटलं, ताई, सुमनची आई वारली, ती एकटी आहे, मी तिच्याकडे बसायला जाऊ का? मान वर न करता म्हणाल्या, "जा ना. पण रविवारी ये, पाहुणे आहेत." एवढंच. कचेरीत कळवावं लागतं, एक शब्द नाही.

मी घरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी केल्या, सुकं बेसन केलं, आणि गेले. तीन रात्री सुमनजवळ झोपले. आम्ही गॅस पेटवला नाही. ती मायच्या गोष्टी सांगायची, मी ऐकायची. सव्वा वर्षात मला पहिल्यांदा वाटलं की मी माणूस आहे, कोणाच्या तरी कामाची आहे.

रविवारी सकाळी दारावर दोन अधिकारी आले. इमारतीच्या रखवालदाराने कळवलं होतं की एक नवीन बाई राहते आहे. सभ्य माणसं होती, खोटं कशाला बोलू. पासपोर्ट मागितला. नव्हता. मोबाईलमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. इथे कशाला आलीस? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, हिची आई मेली, मी हिच्याजवळ बसायला आले. काय काम करतेस इथे? काही नाही, बसते. पैसे कोण देतं? कोणी नाही. तीन दिवस नुसती बसलीस? हो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ही इथे चोरून काम करते आहे. दोन तास बसने येऊन तीन दिवस कोणी नुसतं बसतं का? मी सांगत राहिले. जितकं खरं सांगितलं तितकी खोटी ठरत गेले.

त्यांनी हातातल्या संगणकावर बघितलं. माझं राहण्याचं कळवणं दोनदा झालेलंच नव्हतं. ताईंनी केलंच नव्हतं. त्या तिघांचं वेळच्या वेळी, माझं विसरल्या. विसरल्या की टाळलं, देव जाणे. ताई-साहेबांना दुसऱ्या दिवशी मला घेऊन कचेरीत बोलावलं. ताई-साहेबांचा तिथे कायमचं राहायचा अर्ज चालू होता. त्यावर डाग पडला असता. मग एकच वाट उरली, सगळं माझ्यावर ढकलायची. ती पळाली. पासपोर्ट न घेता पळाली, बरं का. पण तेवढं कोणी विचारलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी ती ही. माझ्या नावापुढे नोंद पडली. आठवड्यात देश सोडायचा, आणि पुढची काही वर्षं पुन्हा पाय ठेवायचा नाही. निघताना ताईंनी माझी बॅग उघडायला लावली. घरातलं काही गेलं नाही ना, बघायला. माझे तीन ड्रेस त्यांनी बोटाने उचलून पाहिले. मग मला जवळ घेऊन म्हणाल्या, "काळजी करू नकोस गं. आपलीच माणसं आहोत." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

माझ्याआधी बातमी गावात पोचली होती. पळून गेली होती म्हणे. आमच्याकडे बाई पळाली म्हटल्यावर कोणासोबत एवढंच विचारायचं राहतं. एसटीत ओळखीच्या बाया जागा असून दुसरीकडे बसल्या. आई दोन दिवस पहाटेची एसटी धरून अमरावतीला जात राहिली. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता खाली बघत म्हणाली, "खरं सांग पोट्टे. कोनी होता का?"

काचेसमोर रडले नव्हते, तिथे रडले. रडून झाल्यावर सगळं सांगितलं. गुरुवारचा फोन, भाकरी, तीन रात्री, ते दोघं, ती कचेरी. आईने मेथी बाजूला ठेवली.

"मंग? सुमनच्या मायच्या मयतीले गेली ना तू?"

"हो."

"मंग त्याच्यात काय चुकलं तुयं? बसाले तं जाच लागते."

माझी आई अमरावतीपलीकडे कधी गेली नाही. पासपोर्ट तिने माझाच पाहिला. पण जे मोठमोठ्या शिकलेल्यांना कळलं नाही ते तिला मेथीच्या जुडीसमोर बसून कळलं. तोवर मी स्वतःलाच गुन्हेगार समजत होते. माझं काहीतरी चुकलं असणार, नाहीतर एवढ्या चांगल्या घरातली माणसं असं कशाला करतील, असंच मनात होतं. त्या दिवशी ते गेलं आणि त्या जागी राग आला. अजून आहे.

महिन्याभराने सरांनी बोलावलं. आई आणि मी गेलो. आई सवयीने पायरीवर बसली. मला सर म्हणाले, खुर्चीवर बस. चहा आला. मग एक टाईप केलेला कागद पुढे केला आणि पेन उघडून दिलं. "इथे खाली सही कर. ताईच्या अर्जाला लागतं आहे."

मी वाचायला घेतलं.

"वाचायची काय गरज आहे? ताईनेच लिहिलंय."

मी वाचलं. सावकाश, पूर्ण. मालकांना न सांगता मी स्वतःच्या मर्जीने घर सोडून पळून गेले, त्यांनी मला सगळे नियम समजावून सांगितले होते, त्यांचा काही दोष नाही. वाचून झाल्यावर पायरीवर बसलेल्या आईला ओळ न् ओळ आपल्या बोलीत सांगितली. मोठ्याने. बाजूच्या अंगणातली माणसं बघायला लागली.

आई सरांकडे वळली. "सर, थे इचारून गेली होती ना?"

"बाई, हा कायद्याचा विषय आहे. तुम्हाला नाही कळायचं," सर म्हणाले. मग मला, "हे बघ, त्यांचं सगळं आयुष्य तुझ्या एका सहीवर अडलंय. तुला पुढे दुसऱ्या देशात लावून देऊ. शब्द आहे माझा."

त्यांचं ते आयुष्य. माझं काय होतं मग? ज्या कागदावर मी पळाले असं माझ्याच हाताने लिहिलेलं असेल, तो असताना कोणता देश मला घेणार होता? सरांना हे कळत नव्हतं असं नाही.

मी पेनाचं टोपण लावलं. म्हटलं, "सर, मी पळाली नाई. ताईले इचारून गेली होती. सही नाई करणार."

"आम्ही एवढं केलं तुझ्यासाठी," ते म्हणाले. अजून बरंच म्हणाले. माणुसकीवर त्या दिवशी काही बोलले नाहीत.

यातून काही चांगलं झालं असं समजू नका. त्या कॉलनीतली दारं आईला एकेक करून बंद झाली. ती आता चांदूरच्या बाजारात बसते, तिथे भाव पडतो. मी त्या कचेरीला माझं खरं इंग्रजीत लिहून पाठवलं. पोचलं, एवढं मशीनचं उत्तर आलं. पुढे काही नाही. एका एजंटकडे गेले, त्याने नोंद बघून कागद परत सरकवले. मी पुन्हा नांदगाव पेठेत कॉलरी लावते. सुमन अजून तिथेच आहे. मायचं वर्षश्राद्ध झालं, तिला येऊ दिलं नाही. माझ्या हातात यातलं काही नाही. सही तेवढी आहे.

परवा सरांकडे पोळ्या करणाऱ्या मावशी निरोप घेऊन आल्या. सर म्हणतात, 'पळून गेली' काढून टाकू, 'न सांगता गेली' करू, मग तरी कर. म्हणजे खोट्यात पाणी घालून देतात आता.

मी मावशीला म्हटलं, "सरले सांगा, आधी ताईनं लिहून द्यावं का मी इचारलं होतं अन् तिनं जा म्हटलं होतं. थे एक वाक्य लिहू दे. त्याच्याखाली मी सही करीन."

मावशी घाबरल्या. "येवढं मी कसं सांगू वं त्यायले?"

"मंग नका सांगू. मीच जाईन."

रविवारी सरांकडे सगळे जमतात. ताईही सुट्टीवर आल्या आहेत. आई म्हणते, नको जाऊ, मोठी माणसं आहेत. मी जाणार आहे. ताईंच्या समोर उभी राहून, सगळ्यांच्या देखत विचारणार आहे, मी विचारलं होतं की नाही? आणि त्या उत्तर देईपर्यंत तिथून हलणार नाही.