काकांचं काळं नाणं

आमच्या शेजारच्या काकांइतका काळजी करणारा माणूस नेपरव्हिलमध्येच काय, अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. दूध आणलं की आधी काकूंनी वास घ्यायचा, मग मला बोलावून माझ्याकडून चाखवून घ्यायचं, आणि आम्ही दोघं धडधाकट राहिलो तर काका चहा टाकणार. बर्फ पडला की पोस्टमन घसरत नाही ना, हे खिडकीतून पाहूनच ते बूट घालतात. हे खूळ त्यांना त्यांनी जमवलेल्या जुन्या चिनी नाण्यांनी लावलं, असं काकू म्हणतात. पूर्वी तिकडचे व्यापारी चांदीचं नाणं वाजवून, पारखून घेत आणि खरं निघालं की त्यावर आपल्या पेढीचा शिक्का ठोकत. काकांच्या लाडक्या नाण्यावर इतके शिक्के, की मूळचा ड्रॅगन शोधावा लागे. "इतक्या जणांनी पारखलंय, म्हणून मला झोप लागते," ते म्हणायचे. शिक्क्यांच्या खाचांत साचलेला काळा थर म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण; तो घासला की जुन्या नाण्याची किंमत गेली, असं ते बजावत. लक्ष्मीपूजनालाही ते नाणं तसंच काळंकुट्ट पाटावर बसे आणि काकू कपाळाला हात लावत.

यंदा नव्या सुनेची पहिली दिवाळी. पोरगी इथेच वाढलेली. काकांचा जीव टांगणीला. चकली तिखट लागली तर? आपलं काही बोलणं लागलं तर? मुलगा आधीच क्वचित येतो, आता दोघंही फिरकले नाहीत तर?

पूजेच्या दिवशी मी गेलो तेव्हा सून सिंकपाशी उभी होती, हातात टूथपेस्ट. तिच्या आईकडे दिवाळीला चांदी अशीच घासतात. "बाबा, हा कॉइन खूप डर्टी होता. मी क्लीन केला."

नाणं लखलखत होतं. काकूंच्या हातातली पळी हातातच राहिली. आमची तोंडं पाहून पोरीचा चेहरा उतरला. "आय मेस्ड अप, ना?"

काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग नाणं तिच्या हातात परत देत ते म्हणाले, "ड्रॅगनच्या शेपटीपाशी थोडं राहिलंय बघ. तेही घास."

नाणं आता देवघरात असतं. काका त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. दर शुक्रवारी मात्र संध्याकाळपासून खिडकीत उभे असतात, शिकागोहून येणारी ट्रेन मुला-सुनेला मिळाली असेल ना म्हणून. मी म्हणतो, येतील. काकू म्हणतात, येतील. तरी ते खिडकी सोडत नाहीत.